सोवळ्यातली डिस्क

सुब्बाराव बंगळूरच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढतात आणि जे. पी. नगरच्या घरी कॉम्प्युटरचं सोवळं पाळतात. साल अठ्ठ्याण्णव. एकाच डब्यात दोन हार्ड डिस्क. एकीवर विंडोज, ती ओवळी. कारण तिच्या घरात कुणाचीही फ्लॉपी शिरते, पत्ते खेळले जातात आणि महिन्याला एखादा व्हायरस पाहुणचार घेऊन जातो. दुसरीवर लिनक्स, ती सोवळी. तिच्यावर नेमकं काय काम चालतं, हे विचारू नये. सुब्बारावही विचारत नाहीत.

नियम एकच: सोवळ्या डिस्कला हात लावण्याआधी ओवळीची केबल काढायची. त्यामुळे डब्याचं झाकण वर्षभर उघडंच.

गोम एवढीच, की मराठी अक्षरं उमटायची फक्त ओवळीवर. तिथे तुंगाबाईंनी, म्हणजे सुब्बारावांच्या पत्नीनं, गावोगावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून सहा महिने गोळा केलेले एकशे आठ उखाणे टाइप करून ठेवले होते. पुतणी मेघाश्रीच्या लग्नात पुस्तिका वाटायची होती. सोमवारी मजकूर छापखान्यात पोचवायचा होता.

रविवारी सकाळी सुब्बारावांना लिनक्सची नवी आवृत्ती घालायचा मुहूर्त सापडला. पूजा आटोपलेली, अंगावर मुकटा. केबलकडे हात नेला आणि थबकले. सोवळ्यात ओवळीला शिवायचं कसं?

"अगं, ही केबल तेवढी ओढ!"

"स्वल्प थांबा हो, हात पिठात आहेत."

"मुहूर्त थांबतो का?"

मुहूर्त थांबला असता एखादे वेळी; सुब्बाराव थांबले नाहीत. पडद्यावर प्रश्न आला: कोणती डिस्क पुसू, पहिली की दुसरी? पंगतीत पहिला मान सोवळ्याचा, एवढं तर यंत्रालाही कळत असणार. त्यांनी 'पहिली' दाबलं.

अर्ध्या तासात ओवळी डिस्क इतकी शुद्ध झाली, की तिच्यावर काहीच उरलं नाही.

तुंगाबाई हात पुसत आल्या. "माझे उखाणे?"

"ते... सोवळ्यात गेले."

तुंगाबाईंनी खुर्ची ओढली.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मुकटा सोडा, विंडोज परत घाला आणि बसा. मी सांगते, तुम्ही टाइप करा."

"सगळे पाठ आहेत तुला?"

"माझ्या डोक्यात एकच डिस्क आहे. तिला कुणी पुसत नाही."

संध्याकाळपर्यंत सुब्बारावांनी एकशे सात परक्या नवऱ्यांची नावं टाइप केली. शेवटचा, देवनहळ्ळीच्या भागुबाईंचा उखाणा मात्र काही केल्या आठवेना.

"एकशे सात चालतील की," सुब्बाराव बोटं मोडत म्हणाले.

"लग्नकार्यात एक कमी? घ्या लिहून:
एका डब्यात नांदवल्या दोन हार्ड डिस्क,
सुब्बारावांशी संसार म्हणजे रोजचीच रिस्क."

सुब्बारावांनी निमूटपणे लिहून घेतलं. शेवटी तेवढं अडलं. "रिस्कला वेलांटी पहिली की दुसरी?"

"पहिली," तुंगाबाई म्हणाल्या. "ह्या वेळी खुशाल पहिलीच दाबा."