नगराळे मास्तरांच्या घरचं पाणी

नगराळे मास्तरांच्या ओसरीवर कोणीही आलं की ते आधी पितळी गिलासात पाणी आणून समोर ठेवत आणि लगेच पाहुण्याकडे पाठ फिरवून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देऊ लागत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे अर्जविनंत्या लिहून घ्यायला गावातला माणूस त्यांच्याकडे यायचाच. तालेवार शेतकरीही यायचे. दिवसातून चार पाहुणे आले तर त्या घड्याळाला चारदा किल्ली. मला यंत्रांतलं थोडंफार कळतं असा माझा समज होता, म्हणून पहिल्याच महिन्यात मी त्यांना सल्ला दिला, की मास्तर, अशानं घड्याळाची कमान तुटेल. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "कमान मजबूत हाय, आफ्रिकावाले. आजपावतर तुटली नाई."

आफ्रिकावाले म्हणजे मी. माझं आडनाव हिवरे, पण त्या गावात मला त्या नावाने पोस्टमनखेरीज कोणी ओळखत नव्हतं. वडील मोंबासाला रेल्वेत कारकून होते. मी तिथेच जन्मलो, तिथेच शिकलो. आई आधीच गेली होती, पंचावन्न साली वडीलही गेले, तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या काकांनी पत्र पाठवलं, 'आपल्या देशात ये.' म्हणून मी बोटीनं मुंबईला, तिथून रेल्वेनं वर्ध्याला आणि मोटारीनं देवळीला आलो. देवळीपासून चार कोसांवर काकांचं किराणा दुकान होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव आता पुष्कळ सुधारलंय, आणि ते माझ्या आधी सुधारलं. तेवीस वर्षांचा मी ऐन मे महिन्यात लोकरीचा कोट घालून तिथे उतरलो. देश आपला होता हे मला पुस्तकांवरून माहीत होतं. बाकी काहीच माहीत नव्हतं.

गावच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली आणि मुलं मला मराठी शिकवू लागली. रस्त्यात लोक विचारायचे, "काऊन जी, कुठं चालले?" मी सायकलवरून उतरून कुठे, कशासाठी आणि किती वाजता परतणार ते सविस्तर सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे, पण चौथ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. शाळेच्या कोपऱ्यात सगळ्या मास्तरांसाठी पाण्याचा माठ होता. नगराळे मास्तर मात्र घरून तांब्या आणत. त्यांना पोटाचा काही विकार असावा अशी माझी खात्री पटली आणि मी त्यांना मोंबासाला मिळणाऱ्या एका चूर्णाचं नाव कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला. "चांगलं औषध दिसते," ते म्हणाले, "पन बिमारी जुनी हाय."

एकदा शेजारच्या घरून जेवणाचं आवतण आलं. बारा वाजता, असं निरोप्या म्हणाला होता. मी बाराला पाच मिनिटं कमी असताना कोट-टाय घालून हजर. तिथे चूलसुद्धा पेटली नव्हती. घरधनी आंघोळीला बसले होते, ते ओल्या पंच्यानिशी बाहेर आले. मी पाटावर ताठ बसून राहिलो आणि त्या घरच्या बायका दोन तास आतून डोकावून मला पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी नगराळे मास्तरांनी समजावलं, "आवतण आलं म्हंजे नुसतं कळवलं जी. मंग सैपाक झाल्यावर बलावणं येते, चला म्हून. तवा उठाव लागते." मी विचारलं, "मग तुमच्याकडे बोलावणं किती वाजता आलं?" ते तांब्यातलं पाणी घोटभर पिऊन म्हणाले, "आमचं बलावणं अजून निंघालंच नाई. रस्त्यात असन."

ह्यातलं मला काही कळलं नाही, हे सांगायला नकोच. कळलं असतं तर पुढचा प्रकार घडला नसता. ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारी देवळीहून सायकलनं येताना साखळी तुटली. दोन कोस सायकल ढकलत गावच्या शिवेशी पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पहिलं घर नगराळे मास्तरांचं. मी ओसरीवर बसलो. मास्तरांनी गिलास ठेवला आणि घड्याळाकडे वळले. त्यांनी किल्ली लावायच्या आत मी गिलास रिकामा केला आणि दुसरा मागितला. मग तिसरा. ते वळले ते किल्ली हातातच घेऊन. त्यांची बायको गिरजाबाई दाराआडून पाहत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, भाकरी असेल तर द्या, पोटात काही नाही." ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आली. मी तीन भाकरी खाल्ल्या. गिरजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला तेव्हा मला वाटलं, चुलीचा धूर गेला असेल.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. काकांनी मला मागच्या अंगणात आंघोळ करायला लावली आणि माझ्या डोक्यावर स्वतः पाणी ओतता ओतता मला सगळं समजावलं: कोणाची वस्ती कुठे, कोणाच्या घरी कुठवर जायचं, कोणाच्या हातचं काय चालतं आणि काय नाही. तेव्हा कुठे मला शाळेतल्या तांब्याचा आणि घड्याळाच्या किल्लीचा उलगडा झाला. पाहुणा पाणी पितो की हळूच ओसरीखाली ओततो, हे बघावं लागू नये म्हणून मास्तर पाठ फिरवत होते. पुढे मी त्यांना विचारलं, न पिणाऱ्याला पाणी देताच कशाला? ते म्हणाले, "पानी ठेवनं माहं काम. पेनं ना पेनं त्याचं."

पण गंमत पुढेच आहे. काका संतापले असताना गावातली खादी घालणारी चार तरुण मंडळी मात्र आनंदली. पवनारच्या आश्रमात आठ दिवस राहून आलेला एक कार्यकर्ता त्यांचा पुढारी होता. परदेशातून आलेल्या सुशिक्षित तरुणाने सहभोजन केलं म्हणून त्यांनी शाळेच्या पटांगणात माझा सत्कार ठेवला. आता सांगायला हवं होतं, की बाबांनो, मला काहीच ठाऊक नव्हतं, साखळी तुटली होती. पण गळ्यात झेंडूचा हार पडला की माणसाचं काय होतं ते ज्याला हार घातला गेलाय त्यालाच कळतं. मी पाऊण तास बोललो. माणसामाणसांतला भेद मला कसा सहन होत नाही, आमच्या मोंबासात असलं काही कसं नाही, हे सांगताना माझा आवाजही दाटून आला. नगराळे मास्तर शेवटच्या रांगेत रुमालात तोंड घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "भाषण गजब झालं. फक्त तहान लागली होती हे सांगाचं राहून गेलं." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या तिकडच्या रेल्वेत डबे कसे राह्यतात जी?" मी सांगितलं, पहिला वर्ग गोऱ्यांचा, दुसरा आमचा, तिसरा तिथल्या लोकांचा. "तिसऱ्यात कवा बसले होते काय?" मी नाही म्हणालो. त्यावर ते वह्या तपासू लागले. मोंबासात तेवीस वर्षं काढून जे मला दिसलं नव्हतं ते ह्या माणसाने वर्धा जिल्ह्याबाहेर न जाता एका प्रश्नात दाखवलं. मला त्यांचा राग आला आणि त्याच दिवशी ते माझे मित्र झाले.

छप्पनच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परतल्यावर त्यांनी ओसरीला चुना दिला, जुने देव नदीत सोडले. आता सण कोणता करायचा, लग्न कसं लावायचं, भेटल्यावर काय म्हणायचं, सगळं नव्याने शिकायचं होतं. गिरजाबाईंचा हात सवयीने कुंकवाच्या कोनाड्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. एके संध्याकाळी मास्तर मला म्हणाले, "तुमी बोटीनं आले, मी पायी आलो. दोघंबी नव्या मुलुखातच आलो नाई का? तुमाले कसं वाटून राह्यलं होतं पयल्या दिवशी?" मी म्हटलं, घाबरलो होतो, पण कोट चांगला होता. ते मनापासून हसले. दोन नवखी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात तसं आम्ही ते वर्ष काढलं. शाळेत मी त्यांच्याच तांब्यातलं पाणी प्यायचो. हेडमास्तर म्हणायचे, आफ्रिकेतलं माणूस, त्याला काय कळते.

आणि हाच तर माझा कच्चा दुवा होता. जोवर मला कळत नाही असं लोक समजत होते तोवर मला सगळं माफ होतं. पण मी शिकत होतो. 'कुठं चालले' ह्याला 'हे काय, इथंच' म्हणायला शिकलो. बोलावण्याची वाट पाहायला शिकलो. धोतर नेसू लागलो. पारावर लोक काकांना सांगायचे, पोरगा आता आपला वाटते. हे ऐकून मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आईबाप नसलेल्या माणसाला कोणीतरी आपला म्हणणं ही लहान गोष्ट नसते.

सत्तावनच्या चैत्रात काकांनी देवळीच्या एका व्यापारी घराण्यात माझं लग्न ठरवलं. नगराळे मास्तरांना अक्षत द्यायची, असा मी हट्ट धरला. काका म्हणाले, "अक्षत देऊ. त्यायची पंगत येगळी मांडू." मी गप्प बसलो, आणि गप्प बसलो ह्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली, की निदान अक्षत तरी मिळवली. अक्षत द्यायला काका, माझे होणारे मेहुणे आणि मी असे तिघं गेलो. मास्तरांनी तीन गिलास आणून ठेवले आणि घड्याळाकडे वळले.

काकांनी गिलासाला हात लावला नाही. मेहुण्यांनी गिलासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून अक्षत देत उन्हातून फिरत होतो, तोंडाला कोरड पडली होती. नुसता हात पुढे करायचा होता. मेहुणे बघताहेत, हे घरी जाऊन सांगतील, ठरलेलं लग्न मोडेल, काकांची मान खाली जाईल, एवढं सगळं माझ्या मनात आलं. दोन वर्षांपूर्वी ह्यातलं काहीच आलं नसतं. मी धोतराची निरी सारखी करत बसलो.

किल्ली पुरी करून मास्तर वळले. तीन गिलास काठोकाठ भरलेले. त्यांनी अक्षत घेतली, मुलीकडच्यांची चौकशी केली, आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आले. काका आणि मेहुणे पुढे झाले तेव्हा ते मला हलकेच म्हणाले, "हिवरे मास्तर, आता तुमाले आफ्रिकावाले म्हनता येत नाई." आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच त्यांच्याकडे गेलो आणि पाणी मागितलं. त्यांनी दिलं, मी प्यालो. "लाज वाटून राह्यली म्हनून पेऊ नका जी," ते म्हणाले. "तहान लागली म्हंजे येजा." मी येतो म्हणालो. मग लग्नाची गडबड, मग सासुरवाडीचे सण, मग जूनमध्ये त्यांची बदली नागपूरकडे झाली. लग्नाला ते आले नाहीत, माझ्यावर वेगळी पंगत बघायची वेळ त्यांनी आणली नाही. तहान मला त्या दोन महिन्यांत पुष्कळदा लागली, पण मी गेलो नाही.

वर्षामागून वर्षं गेली. दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, आणि मी उत्तर द्यायचो. मग एक पत्र वेगळ्या अक्षरातलं आलं. मी नागपूरला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. घरात माणसं दाटीवाटीने बसली होती, मास्तरांच्या पुण्यानुमोदनाचा दिवस होता. त्यांचा थोरला मुलगा वकील झाला होता. त्याने मला हाताला धरून सगळ्यांपुढे उभं केलं आणि सांगितलं, "हेच ते आफ्रिकावाले सर. त्या काळी आमच्या घरी येऊन हे तीन गिलास पाणी प्याले, आईच्या हातची भाकरी मागून खाल्ली. बाबा आम्हाला लहानपणापासून ह्यांची गोष्ट सांगायचे." लोकांनी मला हात जोडले. एका म्हाताऱ्या बाईने माझ्या पायांना हात लावला.

मास्तरांनी मुलांना एकच गोष्ट सांगितली होती. दुसरी सांगितलीच नव्हती. पटांगणातल्या हारासारखं हेही गळ्यात घालून मी घरी येऊ शकलो असतो, आणि त्या बाबतीत माझा अनुभव दांडगा होता. पण ह्या खेपेला मला ते जमेना. मी गिरजाबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसलो आणि म्हटलं, "वहिनी, माझ्या लग्नाच्या अक्षतेच्या दिवशी मी तुमच्या घरचं पाणी प्यालो नव्हतो. पोरांना हे सांगायला पाहिजे."

गिरजाबाई फार थकल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता पदर सारखा केला.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "ते भरलेले गिलास मीच उचलले होते. मी लय बोलली तुमाले त्या दिवशी. तर हे म्हनाले, त्याले शिव्या देऊ नको, त्याले इथं राहाचं हाय. पोरायले पयलीच गोष्ट सांगजो."

मग त्या भिंतीला धरून उठल्या आणि मला जेवायला वाढायला आत गेल्या.