आठ दिवसांत हात मोकळा

माझा उजवा हात कोपरात सरळ व्हायला अकरा महिने लागले आणि तरी तो पुरता सरळ झालाच नाही. हे अकरा महिने मला माझ्या मामेसासऱ्यांनी बहाल केले. त्यानंतर कितीतरी वर्षं मला त्यांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: चूक माझी झाली. घरात नको, चारचौघांत हवं होतं.

अठ्ठ्याण्णव साली मी शाळेच्या जिन्यावरून पडले. मी प्राथमिकच्या वर्गाला शिकवायचे. कोपराचं हाड बारीकसं मोडलं, तीन आठवडे प्लास्टर घातलं. प्लास्टर काढलं तेव्हा हात काटकोनात अडकून बसला होता. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर फिजिओथेरपी लिहून दिली आणि बजावलं की कोपराला मालिश करायचं नाही, कुणाला ओढू द्यायचं नाही.

पण आमच्या पेठेत वाटणी ठरलेली. ताप आला की दवाखाना, हातपाय धरला की तालीम. आणि समोरच्या तालमीचे वस्ताद म्हणजे खुद्द सासूबाईंचे थोरले भाऊ. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाले, "ह्यो बायकांचा खेळ हाय. आठ दिसांत हात मोकळा करून देतो की."

मी नाही म्हणायला हवं होतं. मास्तरीण होते, चिठ्ठी वाचता येत होती. पण घरच्या वस्तादाला सोडून फिजिओथेरपीच्या पोरसवदा बाईकडे व्यायाम शिकायला जायचं म्हणजे घराण्याची नाचक्की, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा राग मला अजून येतो.

रोज सकाळी सोप्यात पाट मांडला जायचा. मामा तेल चोळायचे आणि मग हात धरून ओढायचे. दार सताड उघडं. तालमीत जोर मोजायला लावतात तसे आकडे मी म्हणायचे. माझा आवाज बसला की ते म्हणायचे, "मोठ्यानं मोज. गल्लीला ऐकू दे, आमची सून रडकी न्हाय." चौथ्या दिवशी कोपर सुजलं. आठव्या दिवशी हात पहिल्याइतकासुद्धा हलेना.

पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी विचारलं, "मालिश केलं होतं?" मी नवऱ्याकडे बघितलं, नवरा पंख्याकडे बघत बसला. ओढाताणीनं कोपराभोवतीच्या स्नायूत नको तिथं हाड धरायला लागलं होतं. आता आधी नुसती विश्रांती, मग जेवढा आपल्या आपण हलेल तेवढाच हलवायचा. फिजिओथेरपीच्या मॅडमना मी विचारलं, किती दिवस लागतील? त्या म्हणाल्या, "दिवसांत नका विचारू."

इथवर मी मामांना माफ केलं असतं. माणूस चुकतो. पण त्यांनी तालमीच्या कट्ट्यावर बसून सांगायला सुरुवात केली, "आणि धा दिस सोसलं असतं तर हात चाबकागत झाला असता. शिकलेल्या बायकांस्नी कळ सोसत न्हाय." ते वाक्य दूधवाल्याच्या तोंडी आलं, शाळेत आलं. सासूबाई रोज माझी वेणी घालायच्या, कारण माझा हात मानेपर्यंत जात नव्हता, आणि केस ओढून घेत म्हणायच्या, "दादाचं ऐकाय पायजे हुतंस." ऐकलं होतं म्हणून तर ही वेळ आली होती.

मी व्यायाम केले ते निव्वळ रागावर. मॅडम दहा म्हणाल्या की मी पंधरा करायला बघायचे, त्या रागवायच्या. अकराव्या महिन्यात मी माझी वेणी स्वतः घातली. हात ताठ करायला गेलं की मात्र थोडक्यात अडायचा. आजही अडतो.

मग दोन हजार पाच साली मामा जोतिबाच्या खेट्याला, म्हणजे रविवारच्या पायी वारीला, गेले आणि पायऱ्यांवरून घसरले. खांद्याजवळ हाड मोडलं. मामी हयात नव्हत्या, मुलगा पुण्याला, म्हणून ते बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे आले. हाताची झोळी सुटली तेव्हा त्यांचा हात छातीच्या वर जाईना. ज्यांनी उभा जन्म आपला फेटा आपल्या हातानं बांधला, त्यांना माझा नवरा फेटा बांधायचा आणि तो कानावर यायचा.

दवाखान्यात मॅडम त्याच. मामांनी विचारलं, "किती दिस?" मॅडम म्हणाल्या, "चार-पाच महिने धरा." मामांनी माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर मी व्यायामाचा कागद भिंतीला चिकटवला. दिवसातून चार वेळा, दहा-दहा.

एका सकाळी त्यांचा जुना पठ्ठ्या तेलाची बाटली घेऊन आला. मी दारात उभी होते. बाजूला सरकले असते तर मामांच्या खांद्याचं काय झालं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, मी क्षणभर सरकणारच होते. पण मग 'चूक माझी झाली' हे वाक्य त्यांनी कधीच उच्चारलं नसतं. त्यांचा हात बरा व्हायलाच हवा होता, आणि तोही बायकांच्या खेळानं. मी पठ्ठ्याला चहा पाजला आणि बाटलीसकट परत पाठवलं.

मग मी त्यांना सोडलं नाही. भिंतीवर बोटांनी चढायचं, जिथं हात थांबेल तिथं मी पेन्सिलनं खूण करायची. ते दमून "पुरं आता" म्हणाले की मी म्हणायचे, "अजून तीन राहिलेत, मामा." दुपारी डोळा लागला तर उठवायचे. पाहुण्यांत सासूबाई सांगायच्या, "सून पोटच्या लेकीगत करती." मी ते खोडून काढलं नाही.

पाचव्या महिन्यात त्यांनी आरशासमोर आपला फेटा आपण बांधला. मग सोप्यात येऊन बसले. जमिनीकडे बघत पुटपुटले, "तवा चुकलं माझं, सूनबाई."

घरात दुसरं कुणी नव्हतं. समोर कट्ट्यावर संध्याकाळची मंडळी जमली होती. मी उठून पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि म्हटलं, "मोठ्यानं, मामा. गल्लीला ऐकू दे."

ते उठून उंबऱ्यापाशी गेले आणि तालमीतल्या आवाजात म्हणाले, "सूनबाईचा हात माझ्यापायी ऱ्हायला. चूक माझी हुती." सगळा कट्टा आमच्या दाराकडे वळला. मामांची मान खाली गेली. ऐंशीच्या घरातला माणूस, मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मी दार लोटलं आणि त्यांना भिंतीवरचा कागद दाखवला. संध्याकाळचे दहा राहिले होते.