अकारविल्हे प्राधान्यं

आमच्या ग्रंथपाल संघाच्या कार्यवाहांइतका शिस्तीचा माणूस पुण्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याचं कार्ड सरांनी नक्की करून ठेवलं असेल. निवृत्तीनंतर कसबा पेठेतल्या घरी त्यांनी डाळींच्या डब्यांनाही ग्रंथालयासारखे क्रमांक दिले आहेत. एकदा चहा करताना मी साखर हळदीशेजारी ठेवली, तर म्हणाले, "अहो, ठेवा कुठेही. साखर हरवली असं धरून चालू." मी इंग्रजी माध्यमातली, असे टोमणे मला जिना उतरताना कळतात.

संघाचा पाच वर्षांचा आराखडा करायला कोणीतरी कन्सल्टंट सुचवला. सर म्हणाले, "कशाला? कार्डं आहेत की." प्रत्येक प्राधान्याचं त्यांनी एक कार्ड केलं आणि सवयीने ती सगळी अकारविल्हे लावली. त्यामुळे संघाचं पहिलं प्राधान्य ठरलं, अल्पोपाहार. दोन बैठका उपमा की साबुदाणा खिचडी यातच गेल्या. तिसरीत 'इमारत' आली आणि गळक्या छपराखाली एक वाजला. एक वाजता सभा संपते म्हणजे संपते. "महत्त्वाप्रमाणे लावू या ना," एक सभासद कळवळून म्हणाले. "महत्त्व ज्याचं त्याचं वेगळं. मुळाक्षरं सगळ्यांची तीच," सर म्हणाले.

मी 'व'ची वाट बघत होते. विश्रांतवाडीचं वाचनालय मी सांभाळते, आणि संघाने पाठिंब्याचा ठराव केला तरच जागामालक मुदत वाढवणार होते. नाहीतर महिनाअखेर कुलूप. चौथी बैठक शेवटची होती आणि पावणेएकला आम्ही 'ग'वर होतो. बोलायचं म्हणून मी घसा खाकरला, आणि पाणी प्यायले. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग कार्डांचा खण उचलून उलटा फिरवला.

"आज मागून घेऊ."

"सर, नियमात बसतं हे?" इतिवृत्त लिहिणाऱ्या सभासदाने विचारलं.

"नाही बसत. तसं इतिवृत्तात लिहा."

हस्तलिखितं, सभासदवाढ, शिबिरं त्यांनी तीन वाक्यांत उरकली. एकला पाच कमी असताना आमचा ठराव मंजूर झाला.

गेल्या बुधवारी सर दोन बस बदलून वाचनालयात आले. तपासणीच असणार म्हणून मी घाईने कपाटं नीट करू लागले.

"राहू द्या हो. चाळीस वर्षं पुस्तकं जागेवर ठेवली. एखादं उघडून बघावं म्हटलं."

"कुठलं देऊ?"

ते कपाटांपुढे बराच वेळ उभे राहिले. "तुम्हीच द्या. मला ते जमत नाही."

मी दिलं. खिडकीपाशी बसून त्यांनी पहिलं पान वाचलं, उलटलं, आणि मागे येऊन तेच पान पुन्हा वाचलं, ओठ हलवत, नुकत्याच शाळेत घातलेल्या मुलासारखं.