मायच्या नाकावरचा पदर

"बीरगांव से आती हो ना? तो ये बिल्ली किसके घर से उठा लाई?"

सर असे बोलले अन् अख्खा क्लास हसला. रायपुरात, तेलीबांध्याच्या आमच्या इलस्ट्रेशनच्या क्लासमध्ये वर्षाचा शेवटचा दिवस होता. ज्याची-त्याची चित्रं भिंतीवर टाचली होती. माझ्या भिंतीवर फिकट रंगाच्या खिडक्या, खिडकीत मांजर, कॉफीचा मग, केस सोडलेली एक गोरी पोट्टी. सरांनी एक कागद टाचणीसकट ओढला. फाटला. "नकल है," म्हणाले अन् पुढे गेले.

होतीच नक्कल. सानिकाची.

सानिका आमच्याच क्लासमधली. बाप नवा रायपुरात मोठा साहेब, घर तलावासमोर. सुरुवातीलाच सर सगळ्यांले बोलले होते, "स्टाइल सीखनी है तो इसको देखो." मी पाहिलं. तिच्यासारखा ब्रश धरला, तिच्यासारखे पाणीदार रंग लावले. बीरगांवातल्या आमच्या घरी मांजर नाही. खिडकी तर उघडताच येत नाही, कारखान्यांची काळी धूळ आत येते. तरी ती धूळ कागदावर बसायचीच. मी रबरानं पुसत राहायची, कागद तिच्यासारखा पांढरा दिसावा म्हणून.

जळायची मी तिच्यावर. खोटं काहून बोलू? ती एका दमात रेघ ओढायची, मी तीच रेघ दहादा पुसायची. वरून "किती छान काढतेस गं" म्हणायची, तेव्हा तर अजून जळायची.

होळीच्या आधी एका रविवारी ती आमच्या घरी आली. "तुमचा पारा, तुमची वस्ती बघायचीय," म्हणाली. मायनं पोहे केले. मग माय अंगण झाडत होती अन् सानिका ओट्यावर बसून काहीतरी काढून राहिली होती. मले वाटलं, घरं काढत असेल.

क्लासच्या त्या शेवटच्या दिवशी सर तिच्या भिंतीपाशी थांबले. भिंतीवर माझी माय होती. एवढी मोठी. पदर नाकावर, नजर खाली, मागे कोरं पांढरं अंगण.

"लाज देखो इस औरत की," सर बोलले. "इसको कहते हैं अपनी स्टाइल. क्लास के नए पोस्टर पर यही जाएगी."

टाळ्या वाजल्या.

राग नंतर आला, आधी जळली मी. काहून की चित्र चांगलं होतं. मायच्या मनगटाचं वर आलेलं हाड बरोब्बर होतं. त्या हातचं जन्मभर खाल्लं, अन् एकदाही काढलं नव्हतं मी. मी मांजर काढत बसली होती.

मग पदर पाहिला.

"सर, वो लाज नहीं है," मी म्हटलं. "धूल है. माय झाडताना नाक बांधते. नाही बांधलं तर रात्रभर खोकते."

"बेटा, धूल में क्या ब्यूटी है?"

"अगं, मी प्रेमानंच काढलंय," सानिका म्हणाली. काढलं असेल. तेच तर झोंबलं.

"पोस्टरवर माझी माय जाणार नाही. तिले कोणी विचारलं नाही."

सर हसले. "तुम्हारी माँ को पहचानता कौन है?"

मी माझ्या भिंतीकडे गेली. एकेक टाचणी काढली. मांजरं, खिडक्या, मग, सगळं उतरवलं.

"नंबर नहीं मिलेंगे," सर मागून बोलले.

"हव," मी म्हटलं.

पोस्टर छापलंच. पंडरीच्या चौकात लागलं. बसमधून रोज दिसते.

भिंत रिकामी केली त्याच दिवशी घरी येऊन मायले सगळं सांगितलं. "तुझं चित्र काढू का?" विचारलं.

"काढ ना. थांब, तोंड धुऊन येतो."

"नको. झाडताना असते तशीच बस."

कागदावर धूळ पडून राहिली होती. रबर हातात घेतलं नाही. नाकावर घट्ट बांधलेला पदर, अन् नजर थेट माझ्याकडे. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरीही. मायनं पाहिलं अन् म्हणाली, "अवो बाप्पा! हे मी होय? कोळशाचं पोतं दिसून राहिलं."

"उद्या परत बस," मी म्हटलं.

सानिकाचा हात आजही माझ्याहून चांगला आहे. आजही जळते मी. जळीन. पण मांजर पुन्हा काढणार नाही. माझ्या मायले ओळखते कोण, विचारलं होतं ना, सर? ओळखाल. नाक बांधलेलं असलं तरी ओळखाल. तोवर माय बसत राहील अन् मी काढत राहीन.