ताईचं शेवटचं प्रकरण

अंध वाचकांच्या ग्रंथालयात संगणक सांभाळणाऱ्या काकांना सगळे रीस्टार्टकाका म्हणत. कुणी कसलीही तक्रार आणली की त्यांचं औषध ठरलेलं, ‘बंद करून चालू करा.’ बायको म्हणायची, "माझं डोकं दुखलं तरी हे तेच सांगतील."

त्यांची थोरली बहीण, ताई, निवृत्त शिक्षिका. आवाज खणखणीत. ती ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. वाचक फोन लावून ऐकत, आणि पुढचं प्रकरण कधी म्हणून फोनवरच भांडत.

एकदा ताईला रेकॉर्डिंगमध्ये बारीक टकटक ऐकू आली. "माझ्या वाक्यात हे कोण खोकतंय रे?" तिने विचारलं. डिस्कवर आवाज लिहिला जाताना ती टकटक व्हायची. काकांनी मग अशी सोय केली की वाचन चालू असेतो सगळा आवाज मेमरीतच राहील आणि ताईने थांबवलं की एकदम डिस्कवर उतरेल. टकटक गेली. ताई खूश, काका तिच्याहून खूश.

एका जाडजूड कादंबरीचं शेवटचं प्रकरण तिने वाचलं, थांबवायचं बटण दाबलं, "सुटले बाबा एकदाची," म्हणाली आणि घरी गेली. त्याच संध्याकाळी तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. परत येईलसं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका रुग्णालयातून तसेच कामावर आले, तर रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम गोठलेला. प्रकरण डिस्कवर उतरलंच नव्हतं.

त्यांनी प्रोग्रॅमला सांगून पाहिलं, दटावून पाहिलं. तो डिस्कच्या उत्तराची वाट बघत पार कर्नेलमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रणेच्या गाभ्यात जाऊन अडकला होता. तिथे अडकलेल्याला बाहेरचा कुठलाच हुकूम पोचत नाही, अगदी मरण्याचासुद्धा. निदान मेमरीतला आवाज तरी काढून घ्यावा म्हणून त्यांनी दुसरा प्रोग्रॅम आत डोकावायला लावला. बुडत्याला काढायला जावं आणि त्याच्याबरोबरच खाली जावं, तशी त्याची गत झाली. तिसऱ्याचीही तीच.

तोवर त्याच संगणकावरची बाकीची पुस्तकंही ऐकू येईनाशी झाली. ग्रंथपाल बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काका, आम्हाला उठसूट पाजता ते औषध आज स्वतः घ्या की."

"बंद केलं तर मेमरी पुसली जाईल, बाई. ताईचं प्रकरण आहे त्यात."

बाई ओशाळल्या. "बरं. मग थांबू या."

पण फोन थांबेनात. काकांनी यंत्रणा बनवणाऱ्यांना कळवलं, सगळी लक्षणं लिहिली. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं: दोष तुमच्या प्रोग्रॅमचा नाही, आमच्या कर्नेलचाच आहे, नव्या आवृत्तीत तो काढला आहे. आधीच अडकलेल्या संगणकाला मात्र रीस्टार्टशिवाय उपाय नाही.

काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. दोन ओळींत आणखी काय सापडणार?

"मी दाबू का बटण?" बाईंनी हळूच विचारलं.

"नको. मीच करतो."

संगणक नीट बंदही होईना. तो त्याच एका प्रोग्रॅमची वाट बघत बसला. शेवटी काकांना बटण बोटाखाली दाबून धरावं लागलं. संगणकातला पंखा बंद पडला तरी त्यांनी बोट काढलं नाही. बाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा काढलं.

चालू केल्यावर सगळं सुरळीत झालं, जणू काही घडलंच नव्हतं. फोन लागायला लागले. एका आजोबांनी विचारलं, "ताईंच्या त्या कादंबरीचा शेवट कधी ऐकायला मिळणार?" काका म्हणाले, "कळवतो."

संध्याकाळी ते रुग्णालयात गेले. ताई उशांना टेकून बसली होती. तिने डाव्या हाताने कानाशी हेडफोन लावल्याची खूण केली आणि भुवया उंचावल्या. कसं झालंय?

तेवढ्या वाटेत काकांनी दोन-तीन खोटी उत्तरं जमवली होती. पण लहानपणापासून त्यांचं खोटं हिच्यापुढे कधी टिकलं नव्हतं.

"ताई, गेलं ते. सगळं पुसलं गेलं."

तिला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा करतोय. ती अर्ध्या तोंडाने हसली, आणि पुन्हा कानाला हात लावून दाखवला.

मग काकांना ते परत सांगावं लागलं.