हौदातली पायरी

घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या असतात. त्या वर्षी दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आज नको बाई. नळ यायला अजून पाच दिवस हायेत. हौदात दोनच विती पाणी राह्यलंय."

वेळूची काठी हौदात सोडायची आणि ओल किती विती आली ते मोजायचं, ही त्यांची रीत. मी शाळेत विज्ञान शिकवते. हौदाच्या झाकणाखाली मी नुकताच एक सेन्सर बसवला होता. त्यातून निघणारा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तो पाण्यावर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून मायक्रोकंट्रोलर अंतर काढतो. छोट्या पडद्यावर हौद अर्धा दिसत होता.

"चार दिस झाले, पाणी वापरून राह्यलो अन् आकडा जाग्यावरच," दादा म्हणाले. "यंत्र झोपलं का काय?"

"तुमच्या काठीचंच वय झालंय," मी म्हणाले. ओसरीवर बसलेले चुलते हसले. दादाही हसले.

गोधड्या धुतल्या. दुसऱ्या सकाळी मोटार कोरडीच घरघरली. चुलत्यांसमोरच मी म्हणाले, "दादा, अंगणातला नळ तुमच्याकडूनच उघडा राहिला असेल."

ते म्हणाले, "असंल बाई. इसरलो असंल." मग दोन कळश्या घेऊन शेजाऱ्यांच्या बोअरवर गेले.

दुपारी मी बॅटरी घेऊन हौदात डोकावले. आत उतरायची लोखंडी पायरी सेन्सरच्या बरोबर खाली होती. पाणी तिच्याखाली गेल्यापासून आवाज तिच्यावरूनच परत येत होता. मी सेन्सर हातभर सरकवला आणि गप्प राहिले. पुढे दादा काठी काढायचे ते मी शाळेत गेल्यावरच, हे आईनं नंतर सांगितलं.

त्यांच्या तेराव्याला चुलते पाहुण्यांना सांगत होते, "लई इसराळू माणूस. एकदा नळ उघडा ठेवून आख्खा हौद सांडला." डोळे पुसत सगळे हसले. मग चुलते माझ्याकडे वळले. "तुझ्या यंत्रात बघ बरं, पंगतीला पाणी पुरंल का?"

आकडा आता बरोबर येतो. तरी मी कोपऱ्यातली काठी घेतली. ओल चार विती भरली. माझी वीत दादांच्या वितीपेक्षा लहान, म्हणून परत येऊन तीन सांगितल्या.

नळाबद्दल तेव्हाही बोलले नाही. चुलते ती गोष्ट अजून सांगतात, आणि मी तिथंच बसलेली असते.