बाबांची कवळी
गुळण्यांच्या औषधाचा उग्र पुदिनी वास आला की मला तिरोड्यातला कोरोना वॉर्ड आठवतो. बाबांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, पण ताठा शाबूत होता. तोंडातले जंतू फुप्फुसात उतरले तर आजार बळावेल, कवळी काढून गुळण्यांच्या औषधानं तोंड पुसू द्या, असं नर्स विनवत होती. बाबांनी ओठ घट्ट मिटले. बिनदाताचं तोंड त्यांनी आईलाही कधी दाखवलं नव्हतं; रात्री दिवा मालवल्यावरच ते कवळी काढत. दोन मास्क लावलेली आई म्हणाली, "लाजून कायले राहिले? तुम्ही घोरता तवा सारं दिसते मले." बाबा क्षीण आवाजात म्हणाले, "मंग इतकी वर्षं बोलली काऊन नाही?" "तुमाले बरं वाटे म्हणून." त्यांनी तोंड उघडलं. ते कोरोनाच्या औषधांनी वाचले की तोंडाच्या स्वच्छतेनं, मी सांगू शकत नाही. आता मात्र बाहेरून घरात येताच ते आधी कवळी काढतात, मग आईशी बोलत बसतात.